शेवटच्या कडव्यातलं नाव

ताईंचं नाव मी इथे लिहिणार नाही. लिहू का, असं विचारायला मी वारज्याला त्यांच्या घरी गेले होते. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "ज्याला माझं नाव पायजे, त्यानं गाणं शेवटपर्यंत ऐकावं." बाई ऐंशीच्या, गुडघे गेलेले, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं; पण एका वाक्यात समोरच्याची वही बंद करतात. मी केली. येताना रिक्षात ठरवलं, की त्यांचं नाही तर मग कुणाचंच नाव यात घ्यायचं नाही, माझंही नाही. माझ्या नावाने या गाण्यात आधीच भरपूर घोळ घालून ठेवलाय, तो पुढे येईलच.

गाणं तुम्हाला माहीत आहे. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत पुण्याच्या आसपास चार लग्नं जेवला असाल, तर त्यातल्या एका तरी लग्नात नवरी निघताना ते लागलेलं असणार:

माये, रडू नको दारात,
माझी पुस्तकं दे पदरात.

पाठवणीची बाकीची गाणी मांडवभर रडारड करून देतात आणि फोटोवाल्यालाही तेच हवं असतं. हे एकच गाणं असं, की ते लागलं की नवरी मान वर करते. मी हे शेकडो वेळा बघितलंय आणि दर वेळी माझी मानही आपोआप वर होते. यात ताईंची करामत आहे ती चालीत. 'रडू नको' म्हणताना सूर खाली असतो, अगदी बोलण्याच्या जवळ; रडणाऱ्या आईशी कुणी ओरडून बोलत नाही. आणि 'पुस्तकं' या शब्दावर तो एकदम वर चढतो, तो 'पदरात' संपेपर्यंत खाली येत नाही. ज्या पदरात बायका खण-नारळ टाकतात त्यात ही पोरगी पुस्तकं मागते, आणि मागताना तिचा आवाज जराही कापत नाही. संगीत शिकलेल्या एका बाईंनी मला सांगितलं, की तिथे एवढी उंच उडी घेणं शास्त्राला धरून नाही. मी म्हटलं, शास्त्राला सांगा मग उडी मारायला.

मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा नऊ वर्षांची होते. माझे वडील मार्केट यार्डात हमाल होते आणि आई तिथेच कांदा निवडायला बसायची. यार्डामागच्या वस्तीत जयंतीचा कार्यक्रम होता. एका ट्रकचा फाळका पाडून त्याचं स्टेज केलेलं. गाणारे होते ताईंचे यजमान, ताई मागे कोरसला. त्या दिवशी यजमानांचा घसा बसला. लोक चुळबुळ करायला लागले, तेव्हा पांढऱ्या साडीतल्या या किडकिडीत बाई पुढे आल्या, पेटीवाल्याला म्हणाल्या, "काळी चार धर," आणि स्वतः लिहिलेलं गाणं त्यांनी पहिल्यांदा चार माणसांत म्हटलं.

माझी आई माझ्या शेजारी उभी होती. केसांत कांद्याची सालं तशीच. ती टाळ्या वाजवत नव्हती, रडत नव्हती, नुसती बघत होती. मला तेव्हा माहीत नव्हतं, पण चौथी झाली की मला शाळेतून काढायचं हे घरात ठरलं होतं, धाकट्या भावाला सांभाळायला कुणीतरी हवंच होतं. दुसऱ्या दिवशी आईने भावाला पाठीला बांधला आणि त्याला घेऊनच ती कांद्याच्या ढिगावर जाऊन बसली. वडील म्हणाले, "हे काय?" आई म्हणाली, "काय न्हाई. पोरगी शाळेत गेलीय." त्या गाण्याने मला पाचवीत घातलं. पुढे मी पोस्टात लागले, तीस वर्षं नोकरी केली, कर्वेनगरात फ्लॅट घेतला. पण सगळ्याची सुरुवात विचाराल तर ती त्या ट्रकच्या फाळक्यावर.

ताई महापालिकेच्या शाळेत शिपाई होत्या. घंटा द्यायची, वर्ग झाडायचे, पाणी भरायचं. गाणी त्या जुन्या हजेरीपटांच्या पाठकोऱ्या कागदांवर लिहायच्या. दोन घंटांच्या मधे एक कडवं झालंच पाहिजे, असा त्यांचा स्वतःला घालून दिलेला नियम होता, त्यामुळे त्यांच्या गाण्यात फापटपसारा कधीच सापडणार नाही. शाळेच्या ज्या मुख्याध्यापकांना त्यांच्या हातचं पाणी चालत नव्हतं, त्यांच्यावरही ताईंनी एक गाणं केलं होतं. त्यात नाव-गाव काही नव्हतं, फक्त एक तहानलेला माणूस आणि भरलेला माठ. मुख्याध्यापकांना चाल इतकी आवडली, की त्यांनी ते शाळेच्या स्नेहसंमेलनात बसवायला लावलं आणि पहिल्या रांगेत बसून ठेका धरला. ताई अजून हे सांगताना हसत नाहीत. ऐकणाऱ्याने हसावं, एवढी सवड तेवढी ठेवतात.

नळावरच्या रांगेवर त्यांनी गाणी केली, रेशनवर केली, संपाच्या मांडवात केली. तीस वर्षं त्या वस्त्यावस्त्यांतून गायल्या. आणि प्रत्येक गाण्याच्या शेवटच्या कडव्यात त्यांचं नाव असायचं. आमच्याकडे गाणं रचणाऱ्याची ही जुनी रीत आहे. शेवटचं कडवं कवीचं. 'अमका म्हणे' असं आलं की ऐकणाऱ्याला कळतं, हे कुणाचं. कागद नाही, शिक्का नाही, नाव गाण्यातच शिवलेलं. 'माये, रडू नको'चं शेवटचं कडवं असं:

अमकी म्हणे, सासूबाई,
चुलीआधी मला द्या शाई.

'अमकी'च्या जागी ताईंचं नाव. तीन अक्षरांचं.

आता यात गोची अशी, की हे कडवं नवरीच्या तोंडी आहे. सासूबाईंशी बोलतेय कोण? नवरी. मग लोकांना वाटलं, ही जागा नवरीच्या नावाची. ज्याच्या त्याच्या लग्नात ज्याच्या त्याच्या पोरीचं नाव तिथे यायला लागलं. तीन अक्षरी नावं नीट बसतात. चार अक्षरी नवऱ्या घाईघाईने गुंडाळल्या जातात, दोन अक्षरी ताणून ताणून पार सासूबाईंपर्यंत नेल्या जातात. त्यातच कॅसेटच्या जमान्यात एका कंपनीने ताईंकडून हे गाणं गाऊन घेतलं होतं. टेपची बाजू संपत आली म्हणून त्यांनी शेवटचं कडवं उडवलं आणि वेष्टनावर नऊवारीतल्या कुठल्याशा नटीचा फोटो घालून खाली छापलं, 'पारंपरिक'. ताईंना ते एसटी स्टँडवरच्या पानपट्टीवर ऐकू आलं. "आवाज माझाच होता, म्हणून थांबून ऐकलं," त्या म्हणाल्या होत्या, "न्हाईतर मला बी वाटलं असतं, कुणाचंतरी जुनं गाणं हाय."

माझ्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा या प्रकरणाला तोंड फुटलं. मुलगी आयटीत, मुलगाही आयटीत. तो अमरावतीकडचा, शिकायला म्हणून पुण्यात आला आणि इथलाच झाला. बोलणी करायला त्याची आई आली. बाई मोकळ्या स्वभावाच्या, मला आवडल्या. चहा झाल्यावर म्हणाल्या, "पोरगी निंघताना आमच्या गावचं गानं लावा लागते बरं का. जुनं हाये, माह्या आजीच्या वक्ताचं." आणि त्यांनी 'माये, रडू नको' सुरू केलं. शेवटच्या कडव्यात त्यांनी स्वतःचं नाव घातलं, त्यांच्या लग्नात घातलं होतं म्हणे. माझा संताप इतका अनावर झाला, की मी विहीणबाईंना पोहे पुन्हा वाढायला विसरले.

त्याच आठवड्यात दुसरा बार. कर्वेनगरातल्या एका कॉलेजच्या प्राध्यापकबाई लग्नगीतांचं पुस्तक संपादित करत होत्या आणि आमच्या सोसायटीच्या महिला मंडळानेही त्यांना गाणी दिली होती. छापायला जाण्याआधीचे कागद मंडळाकडे तपासायला आले. चुका काढायचं काम अर्थातच माझ्याकडे. पोस्टात तीस वर्षं लोकांचे पत्ते वाचले; चूक मला लांबून दिसते. त्या कागदांत 'माये, रडू नको' होतं. खाली: 'पारंपरिक. कवयित्री अज्ञात.' आणि शेवटच्या कडव्यात नावाच्या जागी टिंबं, पुढे कंसात: '(येथे वधूचे नाव घालावे.)'

अपुऱ्या पत्त्याची पत्रं मी हजारो बघितली आहेत. पण पाठवणाऱ्यालाच खोडून टाकलेलं मी पहिल्यांदा बघत होते.

मी तडक फोन लावला. म्हटलं, "बाई, कवयित्री अज्ञात नाहीत. वारज्याला राहतात. चौथ्या मजल्यावर."

प्राध्यापकबाई शांतपणे म्हणाल्या, "आपलं म्हणणं बरोबर असेलही. पण आम्ही हे गाणं सतरा ठिकाणी रेकॉर्ड केलं आणि सतरा नावं मिळाली. अठरावं तेवढं खरं, हे कशावरून?"

"अहो, त्या जिवंत आहेत!"

"त्याबद्दल आनंदच आहे. पण जिवंत असणं हा पुरावा होत नाही. पुस्तक छापायला अजून महिना आहे. आपण पुरावा आणा, मी स्वतः खोडते."

एक महिना. एकदा पुस्तकात 'अज्ञात' छापून आलं, की पुढची पन्नास पुस्तकं त्याच्यावरून उतरवून घेणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. आणि ताई ऐंशीच्या. आता नाही तर कधीच नाही.

वारज्याला गेले. कैक वर्षांनी भेटत होते, तरी त्यांनी दारातच ओळखलं. हजेरीपटांवरच्या गाण्यांचं विचारलं तर म्हणाल्या, "वाळवीनं वाचली सगळी. तिच्याइतकं मन लावून कुणी वाचली न्हाईत." कॅसेटवर नाव नाही. यजमान गेले, पेटीवाला गेला. मला भयंकर राग येत होता आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. मी म्हटलं, "ताई, ज्या कुणी पहिल्यांदा तुमचं नाव काढून तिथे स्वतःचं घातलं ना, ती भेटली पाहिजे मला एकदा. चांगली फैलावर घेते तिला."

ताईंनी माझ्या बशीत अजून एक बिस्कीट ठेवलं. मग म्हणाल्या, "जाऊ दे. लहान होती."

मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाचं बोलणं, कुठून कुठे जातं.

पुरावा माझ्याच घरात होता. बारा वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हा तिची पत्र्याची पेटी माझ्याकडे आली होती, तिच्या तळाशी माझ्या लग्नाची कॅसेट होती. माझ्या लग्नात ताई आल्या होत्या, गायल्याही होत्या, आणि भावाने टेपरेकॉर्डरवर सगळं टिपलं होतं. मला वाटलं, निदान त्यांच्या आवाजातलं पूर्ण गाणं तर मिळेल. फीत चिकटलेली होती. बुधवार पेठेतल्या एका दुरुस्तीवाल्याने ती आठ दिवस ठेवून घेतली, मला दोन वेळा बोलणी खावी लागली ("कॅसेट आहे, भाकरी नाही, उलटली आणि झाली"), आणि शेवटी त्याने ती पेन ड्राइव्हवर घालून दिली.

रविवारी सकाळी मुलीने ती लॅपटॉपवर लावली. आधी भांड्यांचे आवाज, मग कुणीतरी कुणालातरी पाण्यासाठी हाका मारतंय. मग पेटी, मग गाणं. तो पंचेचाळिशीतला खणखणीत आवाज ऐकून मुलगी म्हणाली, "आई, व्हॉट अ व्हॉइस!" तीन कडवी झाली. आणि मग पेटी थांबली आणि माझ्या आईचा आवाज आला. बारा वर्षांनी. अगदी टेपच्या जवळ.

"बाई गं, येवढं माझं ऐक. ह्या कडव्यात माझ्या लेकीचं नाव घाल."

कुजबुज झाली. कुणीतरी म्हणालं, असं करत नसतात, ते कवीचं कडवं असतं. आई म्हणाली, "मला ठाव हाय. पर हिच्या गान्यानंच शिकली ती."

मग ताई बोलल्या. सगळ्यांना ऐकू जाईल असं:

"ही जागा माझ्या नावाची हाय बरं का. गाणं मी रचलंय, चाल माझी, नाव माझं. पर आज माझ्याजवळ ह्या पोरीला द्यायला दुसरं काय न्हाई. म्हणून ही जागा दिली. आहेर समजा."

आणि त्यांनी गायलं. माझं नाव. चार अक्षरी नाव त्यांनी इतकं अलगद त्या तीन अक्षरांच्या जागेत बसवलं, की कुठे टोचलं नाही.

मी तेव्हा आतल्या खोलीत होते, चुलतसासूबाई साडीला पिना लावत होत्या. बाहेरचं बोलणं मला ऐकूच आलं नव्हतं. ऐकू आलं होतं ते फक्त गाण्यातलं माझं नाव, आणि मला वाटलं होतं, आता सगळीकडे अशीच रीत पडली असेल. मी फुगून गेले होते त्या दिवशी. पुढे भावाने नातेवाइकांसाठी कॅसेटच्या प्रती काढल्या, तेव्हा मधलं बोलणं कापून नुसतं गाणं ठेवलं. त्या प्रती वस्तीभर गेल्या, वस्तीतून गावोगावी गेल्या. ज्यांनी ऐकलं त्यांना वाटलं, इथे नवरीचं नाव घालायचं असतं. पहिलं नाव माझं होतं. जिला मी फैलावर घेणार होते ती मीच.

लहान होती, असं ताई म्हणाल्या होत्या. मी खूप रडले. मुलीने लॅपटॉप बंद केला आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत बसली. नवरी ती, आणि रडत होते मी.

पेन ड्राइव्ह घेऊन मी कॉलेजात गेले. प्राध्यापकबाईंनी डोळे मिटून ऐकलं, पुन्हा एकदा लावायला सांगितलं, आणि चष्मा पुसत म्हणाल्या, "मान्य. आता सतरा बायकांना फोन करावे लागतील." मग म्हणाल्या, "पण यात त्यांनी ही जागा स्वतः देऊन टाकली आहे. तेव्हा त्यांचं नाव परत घालायचं तर त्यांची संमती हवी. तेवढी आणा."

मला वाटलं, यात काय अवघड आहे! मुलीला घेऊन मी पुन्हा वारज्याला गेले. ताईंच्या पाया पडले, म्हटलं, "ताई, मला ऐकायला मिळालं सगळं. तुमचा आहेर परत घ्या."

ताई म्हणाल्या, "आहेर परत घेत न्हाईत, पोरी."

"अहो, पण गाणं तुमचं..."

"गाणं माझंच हाय. जागा दिली ती दिली. तुझ्या आईनं मागितली हुती. तिला मी न्हाई म्हणले न्हाई, आता तिच्या माघारी परत घेऊ व्हय?"

मी पुष्कळ समजावलं. आवाज चढवला, विनवण्या केल्या, पुस्तकाचं सांगितलं. त्या ढिम्म. "छापू दे की अज्ञात. ऐकणारीला शाळेत जाता आलं म्हंजे झालं." पण हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. खिडकीकडे बघत बसल्या आणि साडीचा काठ बोटाने उगाच सरळ करत राहिल्या. तीस वर्षं ज्या बाईने प्रत्येक गाण्याच्या शेवटी आपलं नाव शिवलं, तिला त्याचं काहीच वाटत नसेल, हे मला पटेना. त्यांना ते हवं होतं. फक्त मागून घ्यायचं नव्हतं.

माझी मुलगी तेव्हा म्हणाली, "आजी, माझ्या लग्नाला याल ना? गाल ना माझ्यासाठी?"

"येते की. न गायला काय झालं?"

जिना उतरताना मुलगी म्हणाली, "आई, आहेर परत घेत नाहीत, ओके. पण आहेर फेडतात ना? त्यांच्या घरच्या कार्याची वाट कशाला बघायची? आपल्याच लग्नात फेडू." माझी मुलगी दिवसभर कुठल्याशा परदेशी कंपनीच्या अडचणी सोडवते. त्या दिवशी पहिल्यांदा मला तिच्या पगाराचं कारण कळलं.

पुढचे पंधरा दिवस मी लग्नाच्या खरेदीपेक्षा फोनच जास्त केले. महिला मंडळ, पोस्टातल्या मैत्रिणी, मार्केट यार्डामागच्या वस्तीतल्या माझ्या बरोबरीच्या बायका, मुलीच्या ऑफिसातल्या मुली. प्रत्येकीला एकच गोष्ट सांगितली, आणि तीन अक्षरं. सगळ्यात अवघड फोन अमरावतीचा. विहीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. कॅसेटमधलं बोलणंही मी त्यांना फोनवरून ऐकवलं. मग म्हणाल्या, "म्हंजे आमच्या गावचं नोहे ते. बाप्पा! अन् मी आपलं नाव घालून तीस वर्स मिरवली." आणि लगेच म्हणाल्या, "आमच्याकडच्या बायाइले मी शिकवतो. तुमी फिकर नका करू."

लग्न वारज्याच्या एका कार्यालयात झालं, सकाळी आमच्या पद्धतीने आणि दुपारी त्यांच्या. पंगती उठल्या. ऊन कलायला आलं तशी निघायची वेळ झाली. ताईंना आम्ही स्टेजवर खुर्ची दिली होती. पेटीवाला आणि ढोलकीवाला भाड्याचे, पण बरे होते. ताईंनी नाकावर चष्मा सारखा केला आणि म्हणाल्या, "काळी एक धर बाबा. चार आता मला न्हाई पोचत." पट्टी उतरली होती, आवाजाला चिरा पडल्या होत्या. पण 'रडू नको' तसंच खाली, बोलण्याच्या जवळ. आणि 'पुस्तकं'वर त्या चढल्या. चढल्या म्हणजे चढल्याच. खुर्चीचा दांडा धरून, मान मागे टाकून चढल्या, आणि 'पदरात' संपेपर्यंत खाली आल्या नाहीत. मागे स्वयंपाकघराच्या दारात भांडी घासणाऱ्या बायका येऊन उभ्या राहिल्या. मला नऊ वर्षांची मी आठवले आणि माझ्या शेजारी उभी असलेली माझी आई. त्या क्षणी ती तिथे नव्हती, हे मला कुणी सांगून पटलं नसतं.

तिसरं कडवं संपलं. ताईंनी श्वास घेतला आणि सवयीने नवरीकडे बघून मान हलवली, तिचं नाव घ्यायला. पण नवरी पुढे झाली. पदर सावरत तिने दुसरा माइक उचलला आणि म्हणाली, "आजी, एक मिनिट थांबा. आईच्या लग्नात तुम्ही आहेर केला होता. आज आमचा घ्या. आणि आहेराला नाही म्हणत नाहीत."

आणि तिने हात वर केला.

कार्यालयातल्या सगळ्या बायका एकदम गायल्या. कर्वेनगरच्या आणि मार्केट यार्डाच्या, ऑफिसातल्या मुली आणि अमरावतीच्या मावश्या, सगळ्या. कडव्याच्या पहिल्याच शब्दाला ताईंचं नाव. कुणाला गुंडाळावं लागलं नाही, कुणाला ताणावं लागलं नाही. ते त्या जागेत असं बसलं, की इतकी वर्षं आम्ही तिथे काय काय कोंबत होतो याची मला लाज वाटली. '...म्हणे, सासूबाई' म्हणताना विहीणबाईंचा आवाज सगळ्यांच्या वर होता आणि त्यांच्या हातात सुनेसाठी आणलेलं शाईचं पेन होतं. 'चुलीआधी मला द्या शाई' संपलं आणि टाळ्या सुरू झाल्या.

ताई खुर्चीत बसून होत्या. त्यांचा हात अजून दांड्यावर. मला भीती वाटली, की रागावल्या, की सगळं फसलं. त्यांनी माइक ओढून जवळ घेतला. टाळ्या थांबल्या.

"परत म्हणा," ताई म्हणाल्या.

घंटा दिल्यावर शाळा जशी उभी राहते तशा सगळ्या पुन्हा उभ्या राहिल्या आणि आम्ही परत म्हटलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मग बोट वर करून पुन्हा खूण केली. तिसऱ्यांदा म्हटलं. मुलगी हसत होती, मी रडत होते, बाहेर गाडीवाला हॉर्न वाजवत होता आणि त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. चौथ्या वेळी ताई स्वतः आमच्यात मिळाल्या आणि आपलं नाव आपल्या तोंडाने, आपल्याच चालीत म्हणाल्या.

शेवटच्या रांगेत प्राध्यापकबाई बसल्या होत्या. जेवायला बोलावलं होतं, पण छापायचे कागद बरोबर घेऊन आल्या होत्या. त्यांनी ते मांडीवर ठेवले, पर्समधून पेन काढलं, कंसातलं वाक्य खोडलं आणि टिंबांच्या जागी तीन अक्षरं लिहिली.